चार शुभवर्तमानं, चाळीस दिवस: वाचनाचा स्वतःचा प्लॅन सॉफ्टवेअरमध्ये कसा बसवायचा?

अंगणातली_चिमणी | ११ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा तांत्रिक, थोडा घरगुती आहे.

यंदा भस्म बुधवार ५ मार्चला आहे आणि ईस्टर २० एप्रिलला. बाबा होते तोवर आमच्याकडे लेंटमध्ये (भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ) बायबलमधली चारही शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान, वाचून व्हायची. रात्री जेवणं आटपली की बाबा चष्मा पुसायचे, तीच घंटा. ते गेले आणि वाचनही सुटलं. आता आईनेच (वय ७६) विषय काढलाय. मी नगरला आईजवळ, भाऊ न्यू जर्सीला, मावशी जालन्याला. फोनवर सगळ्यांनी मिळून वाचायचं असं ठरलंय. भावाला आमची पहाट सोयीची पडते, म्हणून वेळ सकाळी साडेसहाची.

माझ्या अटी: रविवार सुट्टी (तेव्हा चर्च असतंच), रोजचं वाचन साधारण सारखं, आणि एखादा दिवस चुकला तर लाल अक्षरांत ओरडा नको.

लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये चार पुस्तकं निवडली, ४० दिवस दिले, रविवार काढला. दोन मिनिटांत प्लॅन तयार! बघते तर दुसऱ्या दिवशी मत्तय ३ आणि ४, म्हणजे ४२ वचनं. एकविसाव्या दिवशी लूक १ आणि २, म्हणजे १३२ वचनं. आईला एका दिवशी चहा गार व्हायच्या आत सुट्टी, दुसऱ्या दिवशी दूध उतू जाईपर्यंत वाचन. हे हाताने कसं बदलायचं? कुणी केलंय का?

---

टिंब_टिंब | ११ फेब्रुवारी, रात्री १०:५२

एक्सेल वापरा.

(नेहमीचं उत्तर दिलं. झोपतो.)

---

तक्तेवाला | ११ फेब्रुवारी, रात्री ११:३५

टिंबशेठ चेष्टेत बोलले, पण उत्तर तेच आहे.

चिमणीताई, बहुतेक सॉफ्टवेअरला दोन दारं असतात. एक आपोआप वाटणीचं, ज्यातून तुम्ही शिरलात. ते अध्याय मोजतं. चार शुभवर्तमानांचे २८, १६, २४ आणि २१ मिळून ८९ अध्याय, भागिले ४०, हा घ्या प्लॅन. त्याला लूकचा पहिला अध्याय ८० वचनांचा आहे याच्याशी देणंघेणं नाही. दुसरं दार म्हणजे रोजचा उतारा आपण स्वतः लिहून द्यायचा. लोगोसमध्ये रीडिंग प्लॅन हा वेगळा दस्तऐवज म्हणून तयार होतो आणि त्यात उतारे आपले घालता येतात. ई-स्वोर्डमध्ये वार आणि पुस्तकं निवडता येतात. अँड्रॉइडवरच्या अँडबायबलमध्ये तर साधी मजकुराची फाइल चालते: एका दिवसाला एक ओळ, आधी दिवसाचा क्रमांक, मग बरोबरचं चिन्ह, मग उतारे स्वल्पविराम देऊन. यूव्हर्जनवर तयार प्लॅन ढिगाने आहेत, पण तिथे आपल्याला हवा तसा प्लॅन घरबसल्या रचता येत नाही. ते काम त्यांच्याशी करार असलेल्या संस्था करतात.

आता हिशोब. चार पुस्तकांची वचनं १०७१, ६७८, ११५१ आणि ८७९, एकूण ३७७९. चाळीस दिवसांत रोज ९४-९५. एक्सेलमध्ये एका रांगेत अध्याय, शेजारी वचनसंख्या, त्याच्या शेजारी चालू बेरीज. बेरीज ९५च्या आसपास आली की तिथे बघायचं, गोष्ट संपतेय का. संपत असेल तर रेघ मारायची, नसेल तर चार वचनं मागेपुढे.

माझं कपाळ ज्यावर आपटलं ते दोन दगड आधीच सांगून ठेवतो. एक: वर्ड आखूड रेघेची आपल्या मनाने लांब रेघ करतं. '१ ते २५' असा उतारा दिला होता, सॉफ्टवेअरने लांब रेघ न ओळखता फक्त पहिलं वचन घेतलं. आठवडाभर आम्ही रोज एकच वचन वाचत होतो आणि काय सुटसुटीत प्लॅन आहे म्हणून खूश होतो. दोन: फाइलमध्ये पुस्तकांची मराठी नावं चालतीलच असं नाही, इंग्रजी लघुरूपं द्या. मी एकदा घाईत आकडा आणि नाव उलटसुलट टाकलं, तर योहान ३ ऐवजी ३ योहान उघडलं. निकदेम शोधतोय, सापडतोय गायस.

---

पेन्सिल_काका | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

एवढा खटाटोप कशासाठी? माझ्या शास्त्रात (म्हणजे बायबलात) मागच्या पुठ्ठ्याला एक तक्ता चिकटवलेला आहे. रोज पेन्सिलीने टिंब. बॅटरी संपत नाही, रेघ लांब होत नाही.

आठवड्याचे सहा दिवस तीन अध्याय, रविवारी पाच. वर्षाचे ११९९ होतात, आणि अख्ख्या शास्त्रात अध्याय ११८९. म्हणजे दहा अध्याय खिशात. पाहुणे आले, ताप आला, तेवढ्यापुरते.

---

मुक्तछंद | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

काका, पुठ्ठ्यावरचा तक्ता हेही सॉफ्टवेअरच, फक्त विजेशिवाय.

माझा आक्षेप वेगळा आहे. मला हे सलग दिवसांचे आकडे नकोसे झालेत. गेल्या वर्षी ११२ दिवस सलग झाले होते. ११३व्या दिवशी रात्री ११:५०ला आठवलं, म्हणून गणना या पुस्तकाचा सातवा अध्याय अंगठ्याने सरकवत संपवला आणि खूण केली. त्यात ८९ वचनं आहेत. बारा सरदार एकापाठोपाठ तेच तेच अर्पण आणतात. एकही सरदार आठवत नाही. तो आकडा वाचला, मी नाही वाचलं. दुसऱ्या दिवशी खुणा लपवण्याचं बटण शोधलं.

---

पेन्सिल_काका | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:५८

मुक्तछंद, हे दुखणं जुनं आहे. रॉबर्ट मरे मॅक्शेन नावाचे स्कॉटलंडचे पाळक, डंडीच्या सेंट पीटर्स चर्चचे. १८४२च्या अखेरीस त्यांनी आपल्या मंडळीसाठी वर्षभराचा तक्ता केला. रोज चार अध्याय; जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. आजही जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरच्या यादीत तो तयार मिळतो. पण लोक तक्ता उचलतात आणि त्यासोबतचं पत्र सोडतात. त्यात मॅक्शेननी फायद्यांच्या आधी धोके लिहिलेत: वाचन नुसता उपचार होणं, वाचलं म्हणून स्वतःला धार्मिक समजणं, निष्काळजी वाचन, आणि न पेलवणारं जू. तुझे सरदार तिसऱ्या धोक्यात बसतात.

पुढच्या मार्चमध्ये मॅक्शेन गेले. वय २९.

(१८४२ म्हणजे नगरला 'ज्ञानोदय' सुरू झालं तेच साल. चिमणीताई नगरच्या, म्हणून आठवलं.)

---

अंगणातली_चिमणी | १२ फेब्रुवारी, दुपारी १:१५

काका, ते चौथं आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "जू म्हणजे तुझ्या बँकेचं. हे नव्हे."

तक्तेवाला, बेरजेचं समजलं. आज जेवणाच्या सुट्टीत मत्तयपासून सुरुवात केलीय.

---

वसईची_केळी | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०५

कॅथलिक पंगतीतून एक ताट वाढतो.

आमच्याकडे रोजचं वाचन आधीच ठरलेलं असतं. रविवारचं चक्र तीन वर्षांचं, इतर वारांचं दोन वर्षांचं. यंदा रविवारी क वर्ष, म्हणजे लूक. त्यामुळे प्लॅन 'बनवणं' हा प्रकार मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊकच नव्हता. पहिल्यांदा एका सॉफ्टवेअरात 'संपूर्ण बायबल' निवडलं आणि वर्षाअखेर लक्षात आलं की तोबित, यहुदीथ, मक्काबी कुठेच आले नाहीत. त्याच्या लेखी संपूर्ण म्हणजे ६६ पुस्तकं, आमच्या लेखी ७३. ज्यांना ती हवीत त्यांनी ती आवृत्ती आधी चढवावी आणि मग प्लॅन करावा, नाहीतर ओळी रिकाम्या दिसतात.

चिमणीताई, तुमच्या प्लॅनची खरी अडचण वचनसंख्या नाही. पुस्तकामागून पुस्तक सरळ वाचत गेलात तर मत्तयातला वधस्तंभ मार्चच्या मध्यावर येईल, मग मार्कातला, मग लूकमध्ये पुन्हा गव्हाणी! आई चारदा रडणार आणि ईस्टरच्या आदल्या दिवशीच योहानाचं पुनरुत्थान वाचून मोकळ्या होणार. दुःखसहनाचे अध्याय चारही पुस्तकांतून उचलून शेवटच्या आठवड्यात ठेवा की.

---

तक्तेवाला | १२ फेब्रुवारी, रात्री ८:४०

केळीभाऊ, हे डोक्यातच आलं नव्हतं. लगेच मांडून बघितलं.

बाजूला काढायचे: मत्तय २६ ते २८, मार्क १४ ते १६, लूक २२ ते २४, योहान १३ ते २१. एकूण १८ अध्याय. उरले ७१. भस्म बुधवारपासून झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आदल्या शनिवारपर्यंत, म्हणजे १२ एप्रिलपर्यंत, रविवार सोडून दिवस ३४. रोज दोन अध्याय, फक्त तीन दिवस तीन-तीन. वचनं ३००६, म्हणजे रोज ८८. आधीच्यापेक्षा हलकंच झालं.

पवित्र आठवडा: सोमवारी मत्तय २६-२७, मंगळवारी मार्क १४-१५, बुधवारी लूक २२-२३, गुरुवारी योहान १३ ते १७ (१५५ वचनं, पण ती रात्र तेवढी मोठी आहेच), शुक्रवारी योहान १८-१९. शनिवारी काही नाही.

आणि इथे गाडी अडली. शनिवारची ओळ रिकामी ठेवली की माझं सॉफ्टवेअर ती गाळून टाकतं.

---

टिंब_टिंब | १२ फेब्रुवारी, रात्री ८:४४

सॉफ्टवेअरला शांत बसणं जमत नाही. माणसांसारखंच.

---

जालन्याची_जाई | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

मत्तय २७ मध्येच शनिवार आहे! ६२ ते ६६ ही पाच वचनं: 'दुसऱ्या दिवशी' याजक पिलाताकडे जातात, कबरेवर पहारा मागतात, धोंडेवर शिक्का मारतात. बाकी सगळं शांत. सोमवारी ६१ला थांबा (दोघी मरीया कबरेसमोर बसलेल्या आहेत, थांबायला याहून चांगली जागा नाही), आणि ती पाच शनिवारी द्या.

---

तक्तेवाला | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३४

_/\_ जाईताई.

---

पारायणी | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

मी ख्रिस्ती नाही. साहित्य म्हणून बायबल वाचते, वसईच्या फादर दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'पासून गोडी लागली. पण हा धागा वाचताना आजीची गुरुचरित्राची पोथी आठवली, राहवलं नाही.

सप्ताहाची सात दिवसांची वाटणी पोथीतच छापलेली असते. आमच्या पोथीत पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी १० ते २१, आणि पाचव्या दिवशी ३६ ते ३८, फक्त तीन. लहानपणी मला वाटायचं पाचव्या दिवशी आजीला सूट आहे. एकदा शेजारी बसले तेव्हा कळलं की छत्तिसावा एकटाच संपता संपत नाही. वाटणी करणाऱ्याने अध्याय मोजलेच नव्हते, वाचणाऱ्याचा घसा मोजला होता. तुमच्या सॉफ्टवेअरने आजीकडे शिकवणी लावायला हवी.

---

मुक्तछंद | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

घसा मोजला होता! वा.

तसेही बायबलमधले अध्याय मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत. ही विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे १५५१मध्ये पॅरिसचे मुद्रक रॉबर्ट एतिएन यांनी दिले. काही ठिकाणी कात्री चुकलीच आहे. यशयातलं दुःखी सेवकाचं गीत ५२:१३ला सुरू होतं आणि अध्याय बदलतो तीन वचनांनंतर. रोज एक अध्याय वाचणारा माणूस गीताचं तोंड एका दिवशी वाचतो आणि धड दुसऱ्या दिवशी.

---

एडिसनकर | १३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

चिमणीताई, भाऊ न्यू जर्सीला आहे म्हणालात म्हणून धावत आलो. आमच्या घरी या एका गोष्टीवरून दोन वर्षं गोंधळ चालला होता.

तुमचे सकाळचे साडेसहा म्हणजे आमचे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. प्लॅन फोनच्या तारखेवर चालतो. तुम्ही बुधवारचा पाठ उघडाल तेव्हा भावाच्या फोनवर मंगळवार असेल आणि प्लॅन सुरूच झालेला नसेल. त्याच्या फोनवर सुरुवात ४ मार्च द्या. आणि त्याची सुट्टी रविवार नाही, शनिवार ठेवा! तुमचा रविवार सकाळ म्हणजे त्याची शनिवार रात्र. मी हे विसरलो होतो. पहिला रविवार ओलांडला की आई एका पाठावर आणि मी दुसऱ्याच.

आणखी एक. ९ मार्चला इथली घड्याळं तासभर पुढे जातात. त्यानंतर तुमचे साडेसहा म्हणजे त्याचे नऊ. शाळकरी मुलं असतील तर आधीच बोलून घ्या.

---

अंगणातली_चिमणी | १३ फेब्रुवारी, रात्री ९:४१

अरे देवा. शनिवारचं मला सात जन्मांत सुचलं नसतं. मुलं आहेत, दोन. वहिनीला आत्ताच कळवते.

---

जालन्याची_जाई | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

कुठली आवृत्ती लावणार, ताई? फोनवर बायबल सोसायटीची जुनी आर.व्ही. मिळते, मराठी समकालीन मिळते, आणि आय.आर.व्ही. मिळते. शेवटची खुल्या परवान्याची आहे, म्हणून फुकट सॉफ्टवेअरांत बहुधा तीच सापडते. आमच्या सासूबाईंना समकालीन वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "हे शेजारीण बोलतेय असं वाटतं." कौतुक की तक्रार, अजून कळलेलं नाही.

---

अंगणातली_चिमणी | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०२

आईला जुनीच हवी. खरं तर तिच्या कपाटात पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची प्रत आहे, आजोबांची, केडगावहून आलेली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवून केलेलं. पण पानं इतकी ठिसूळ झालीत की उघडायची म्हटलं की आई माझे हात आधी तपासते.

जाता जाता एक गंमत. मावशीच्या फोनवर मेसेज इंग्रजीत दिसत होते. म्हटलं, "सेटिंगमध्ये अनुवाद दाब." मावशी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दाबलं गं, पण इथे मोशे बोलतोय." बायबलच्या ॲपमध्ये जाऊन अनुवाद नावाचं पुस्तक उघडलं होतं, ३४ अध्यायांचं!

---

टिंब_टिंब | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०५

धाग्याचा सर्वोत्तम प्रतिसाद. मतदान बंद.

---

नवा_पाहुणा | २ मार्च, दुपारी १२:३०

मोबाइलसाठी सर्वात चांगलं बायबल ॲप कोणतं? सकाळ-संध्याकाळ एकेक अध्याय वाचायचा आहे.

---

मुक्तछंद | २ मार्च, दुपारी १२:४१

पाहुणे, वर वाचा. नसेल वाचायचं तर नीतिसूत्रे घ्या. अध्याय ३१, महिन्याच्या तारखेचा अध्याय उघडायचा. ॲप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

---

अंगणातली_चिमणी | १० मार्च, रात्री १०:१५

हजेरी लावायला आले. पाच दिवस झाले, चालू आहे. भावाचा शनिवार बरोबर लागला (एडिसनकर, तुमच्या नावाने पुरणपोळी). तिसऱ्या दिवशी दिवे गेले, फोन बंद. आईला वाटलं आता प्लॅन रागावणार. मी सुरुवातीची तारीख एक दिवस पुढे केली तर पवित्र आठवडाही एक दिवस सरकला! मग परत मागे आणली. शिकलेला धडा: ज्या प्लॅनचा शेवट सणाला बांधलेला आहे त्याची तारीख हलवायची नाही. चुकलेला पाठ खूण न करता सोडून दिला. आई म्हणाली तो मत्तय ५ ते ७ आहे, डोंगरावरचं प्रवचन, तिला निम्मं पाठ आहे. दुपारी मटार सोलता सोलता म्हणून दाखवलं.

---

पेन्सिल_काका | १० मार्च, रात्री १०:३०

बघा, शेवटी बॅटरी लागली नाहीच.

---

तक्तेवाला | १९ एप्रिल, सकाळी ९:००

चिमणीताई, आज शनिवार. पाच वचनं नीट उघडली ना? तक्ता माझा असल्याने पोटात गोळा आहे.

---

अंगणातली_चिमणी | २० एप्रिल, दुपारी ३:२०

ईस्टरच्या शुभेच्छा सगळ्यांना!

तक्तेवाला, शनिवारची पाच नीट उघडली. मिनिटभरात झाली. मग कुणीच फोन ठेवेना. भावाच्या धाकट्याने विचारलं, "दॅट्स इट?" आई म्हणाली, "हो, आज एवढंच." दोघी घरी नुसत्या बसून राहिलो, पलीकडे भावाच्या घरातल्या फ्रिजचा आवाज ऐकू येत होता.

आज सकाळचे पाच अध्याय (मत्तय २८, मार्क १६, लूक २४, योहान २० आणि २१) मात्र प्लॅनमध्ये बसलेच नाहीत, कारण रविवार सुट्टीवर टाकलेला. एका दिवसाचा वेगळा प्लॅन करता आला असता, पण पहाटेच्या उपासनेची घाई होती. आईने सरळ कपाट उघडलं आणि रमाबाईंची प्रत काढली. माझे हात तपासले. योहान २० मी वाचलं, बाकीचं तिने.

फाइल बऱ्याच जणांनी व्यनितून (खासगी निरोपातून) मागितलीय. तिच्यात तारखा नाहीत, दिवसांचे क्रमांक आहेत, त्यामुळे पुढच्या वर्षी फक्त सुरुवात बदलायची: २०२६मध्ये भस्म बुधवार १८ फेब्रुवारीला, ईस्टर ५ एप्रिलला. अमेरिकेतल्यांनी १७ फेब्रुवारी आणि शनिवार.

---

पेन्सिल_काका | २० एप्रिल, दुपारी ३:४५

मलाही हवी. पण छापून पोस्टाने पाठवता येईल का? पुठ्ठ्यावर अजून थोडी जागा आहे.